फटफटीचं कपाळ

चाकणला मीरासाहेब मिस्त्रीच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. तळेगावच्या रस्त्याला चिंचेखाली पत्र्याची शेड दिसली, आणि आतून कुणाला तरी शिव्या घातल्याचा आवाज आला, की समजायचं हेच ते. शिव्या माणसांना नसत. माणसांशी मीरासाहेब फार अदबीने बोलायचा. शिव्या असत विहिरीवरच्या इंजिनाला, सायकलीच्या चेनला, नाहीतर गंजून बसलेल्या एखाद्या नटाला. नट सुटेना की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि सुटला की 'शाब्बास बेटा' म्हणून त्यालाच फडक्याने पुसलं जायचं.

धंदा तो दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात शिकला. तिथे यशवंतराव नावाचे फोरमन त्याचे उस्ताद होते. दसऱ्याला हत्यारांची पूजा सगळेच करतात. यशवंतरावांचा नेम बारमाही होता. दुरुस्त झालेली गाडी तेलात कालवलेल्या शेंदराचा टिळा लावल्याशिवाय ते दाराबाहेर सोडत नसत. मीरासाहेबाने त्यांच्याकडून हात घेतला, कान घेतला, आणि ही शेंदराची डबीही घेतली.

पाच वक्तांचा नमाजी माणूस शेंदूर बाळगतो म्हणून पेठेत थट्टा व्हायची. मीरासाहेब म्हणायचा, "नमाज माझा हाय, शेंदूर उस्तादांचा हाय. हुनर घेतला अन् रिवाज टाकला, तर त्याला काय म्हणायचं? नमकहरामीच की."

टिळा लावायचा म्हणजे कपाळ हवं. यंत्राचं कपाळ कुठलं, याचा मीरासाहेबाने फार खोल विचार केलेला होता. सायकलीचं कपाळ म्हणजे हँडलची मान. फटफटीच्या बाबतीत अडचण होती. पुढचा दिवा हा तिचा डोळा, आणि डोळ्यात शेंदूर कोण घालतं? तेव्हा डोळ्याच्या मागे, टाकीच्या माथ्यावर, पेट्रोल ओतायचं जे गोल झाकण असतं तेच कपाळ, असा त्याने निकाल दिला. या निकालावर अपील नव्हतं.

त्या वेळी पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण चाकण अजून कांद्याच्या वासातच जगत होतं, आणि सगळ्या गावात मोजण्यासारखी फटफटी एकच होती. ती कांद्याचे अडते उद्धवराव यांची. देहूरोडला लष्कराच्या लिलावात त्यांनी ती घेतली, हिरव्या रंगासकट. घेतली स्वतःच्या हौसेला, पण कामाला लागली बायकोच्या. त्यांची बायको दुर्गाबाई दवाखान्यात नर्स होती. आसपासच्या गावांत बाळंतपण अडलं की बोलावणं तिला यायचं. मग पांढरं लुगडं, मांडीवर कातडी पिशवी, आणि उद्धवरावांच्या मागे बसून दुर्गाबाई धुरळा उडवत निघायच्या. सुरुवातीला लोक तोंडात बोटं घालायचे. नंतर त्याच लोकांच्या घरी पाळणे हलले, तेव्हा बोटं बाहेर आली.

मीरासाहेबाची लेक ताहेरा हिच्या पहिल्या खेपेला मूल पायाळू होतं. माहेरी, याच चाकणात, दुर्गाबाईंनी दिवसभर खपून दोघांना सुखरूप सोडवलं. त्या दिवसापासून मीरासाहेबाच्या घरी दुर्गाबाईंचा शब्द खाली पडत नसे. आता ताहेराला पुन्हा दिवस होते. पहिली खेप माहेरची, दुसरी सासरची, हा रिवाज. त्यामुळे ती इंदुरीला सासरी होती. तिचा नवरा मन्सूर तळेगावच्या काचेच्या कारखान्यात होता. मीरासाहेबाची बायको मुमताज दिवसातून चारदा म्हणायची, "दुर्गाबाई वेळेला पोचल्या पायजेत बघा. दुसऱ्या कुणाच्या हाती मी पोरगी देनार न्हाई." मीरासाहेब म्हणायचा, "फटफटी हाय की!"

आणि नेमकी तीच फटफटी दगा द्यायला लागली.

एकदा क्लचची वायर तुटली म्हणून ती मीरासाहेबाकडे आली, दुरुस्त होऊन गेली, आणि त्यानंतर हे दुखणं सुरू झालं. चांगली धावता धावता खोकायची, आचके द्यायची आणि मधेच गप्प व्हायची. थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची. कधी चार दिवस काही नाही, कधी एका खेपेत तीनदा. उद्धवराव ढकलत दुकानापाशी आणायचे आणि तिथे आली की ती अशी गुणी पोरीसारखी सुरू व्हायची की उद्धवरावच खोटे पडायचे.

मीरासाहेबाने पहिल्यांदा प्लग बदलला. दुसऱ्यांदा मॅग्नेटो उघडून ठिणगी तपासली. तिसऱ्यांदा कार्बुरेटर खोलून त्याचं बारीकसं भोक केसाने साफ केलं. त्याची कामाची पद्धत चोख होती. हात लावण्याआधी टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून ठेवायचं, कारण शेजारीच भाता असायचा. शिवाय पेट्रोल मारलं असं कुणी म्हणायला नको. मग पावशेरभर पेट्रोल टाकीत घालून चक्रेश्वराच्या देवळापर्यंत फेरी मारून यायचं. फेरीत फटफटी कधी म्हणजे कधी बंद पडली नाही. मग डब्यातलं सगळं पेट्रोल मालकादेखत परत ओतायचं, झाकण घट्ट आवळायचं, आणि कपाळाला ताजा टिळा लावायचा. दुखणं चिवट म्हणून टिळाही दर खेपेला जरा जाडच लागायचा.

तिसऱ्या दुरुस्तीनंतर फटफटी महाळुंग्यापाशी बंद पडली, तेव्हा उद्धवरावांचा पारा चढला. ते दुर्गाबाईंसह दुकानात येऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर राग न्हाई. पर ही बया माझ्या नशिबात न्हाई. खेडचं एक गिऱ्हाईक हाय. शनवारच्या बाजारात इकून मोकळा होतो. बायकोनं आता बैलगाडीनं जावं."

"बैलगाडी पोचेपर्यंत मूल चालायला लागेल," दुर्गाबाई म्हणाल्या.

धंद्यात नाव जाईल याचं मीरासाहेबाला वाईट वाटलंच, पण त्याच्या डोळ्यांपुढे होती इंदुरी आणि तिथली त्याची लेक. बैलगाडीने इंदुरी म्हणजे अर्धा दिवस. ताहेराची पहिली खेप त्याने दाराबाहेर बसून ऐकली होती. "शनवारपत्तूर माझ्याकडं ठेवा," एवढंच तो म्हणाला. त्याने पुन्हा सगळं खोललं, पुन्हा पुसलं, पुन्हा जोडलं, पेट्रोल ओतलं, टिळा लावला.

शनिवारी उद्धवराव सकाळीच खेडच्या गिऱ्हाइकाला आणायला गेले, आणि ते गेल्यावर मन्सूर सायकल मारत आला. त्याला धड बोलवतही नव्हतं. "मामू, कळा सुरू झाल्यात. तिनं बाईंना बोलावलंय."

दुर्गाबाई पिशवी घेऊन आल्या. उद्धवरावांची वाट बघायला सवड नव्हती. "तुम्हीच चालवा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. मीरासाहेब अवघडला. परक्याची बायको मागे बसवून भर बाजारातून जायचं! पण दुर्गाबाई बसल्यासुद्धा होत्या. मन्सूरला सायकलवर मागून यायला सांगून त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि किक मारली. मुमताज दुकानाच्या दारात उभी राहून ओठातल्या ओठात पुटपुटत होती. ती दुवा करत होती की नवऱ्याला बोल लावत होती, हे कळायला मार्ग नव्हता.

बाजार मागे पडला. रस्ता मोकळा लागला, फटफटी सुरेख धावत होती. 'बघा, आता कशी!' असं मीरासाहेब म्हणणार, तोच ती खोकली. दोन आचके दिले आणि गप्प झाली.

खाली उतरून मीरासाहेबाने हत्यारांची गुंडाळी सोडली. प्लग काढावा की आधी मॅग्नेटो बघावा? त्याने फटफटीला शिवी घालायला तोंड उघडलं, मागे बाई आहेत हे आठवून मिटलं, आणि न घातलेल्या शिवीने त्याचे डोळेच भरून आले.

"थांबा, काही खोलू नका," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे काय करतात ते करा."

"काय करत्यात उद्धवराव?"

"काही करता येत नाही त्यांना. झाकण उघडून पेट्रोल आहे का बघतात, बिडी ओढतात, झाकण लावतात नि किक मारतात. मग होते सुरू."

"पेट्रोल तर मी सोता ओतलंय, बाई. गळ्यापत्तूर हाय."

"तरी बघा."

बाईंचा शब्द. त्याने झाकण पिळलं. फुस्स करून आवाज आला. आत पेट्रोल काठोकाठच्या जरा खाली डुलत होतं. झाकण लावलं, किक मारली, आणि फटफटी पहिल्याच किकेला सुरू झाली. मीरासाहेब चक्रावला, पण विचार करायला वेळ नव्हता. खालुंब्रे मागे पडलं नाही तोच ती पुन्हा खोकली आणि बंद पडली. पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स, पुन्हा सुरू.

"हा आवाज दर वेळी येतो," मागून दुर्गाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं फटफट्यांचा असतोच."

मीरासाहेबाने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला आणि टाकीकडे नुसता बघत राहिला. हवा आत ओढली जाते म्हणजे आत हवा नव्हती. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुडतं आणि थांबतं. मुमताज नेहमी दोन भोकं पाडते, एक तेलाला नि एक हवेला. टाकीला खाली एक भोक आहे, नळी लावलेलं. मग हवेचं कुठे? ते झाकणात असतं. मधोमध, सुईच्या टोकाएवढं. दापोडीला हजार वेळा पाहिलेलं.

आणि झाकणाच्या मधोमध शेंदराचा रुपयाएवढा जाड थर होता. तेलात कालवलेला, दर दुरुस्तीला थरावर थर चढवलेला, त्याच्याच अंगठ्याने दाबून बसवलेला.

"या अल्ला!" मीरासाहेब मटकन रस्त्याच्या कडेला बसला. "बाई, मीच! मीच हिचं नाक दाबलं. दर येळी बरी करून देतोय अन् दर येळी दाबतोय!"

आणि त्याच्या दुकानात ती कधीच का बंद पडली नाही, तेही आता लख्ख झालं. पावशेर पेट्रोल आणि वर टाकीभर हवा. एवढ्या हवेवर ती चक्रेश्वराला काय, दोनदा जाऊन आली असती. भरल्या टाकीत मात्र हवेला जागाच नसायची. आणि उद्धवराव ज्या दिवशी झाकण सैल ठेवायचे, त्या दिवशी तिला काहीच होत नसे. म्हणजे चोख माणसाच्या हाती ती मरायची आणि आळशाच्या हाती जगायची.

दुर्गाबाईंनी पदराची पिन काढून पुढे केली. मीरासाहेबाने फडक्याने शेंदूर खरवडला, पिनेने भोक मोकळं केलं आणि फुंकर मारून पाहिली. मग त्याला हसू फुटलं. दुर्गाबाईही हसायला लागल्या. भर रस्त्यात, लेक तिकडे अडलेली असताना, दोघं डोळे पुसत हसत होती. कांद्याच्या गाडीवरचा गाडीवान वळून वळून बघत गेला.

"चला मिस्त्री," दुर्गाबाई पिशवी सावरत म्हणाल्या, "आता हिला श्वास आलाय, तिकडे दुसरीला आणायचाय."

त्यानंतर फटफटी इंदुरीच्या वेशीपर्यंत एकदाही खोकली नाही. मीरासाहेब लेकीच्या सासरी अंगणात बसला. आतून ताहेराचा आवाज यायचा, तसा तो उठायचा, फटफटीचं झाकण उघडायचा, लावायचा आणि परत बसायचा. मन्सूर सायकलवरून पोचला आणि काही न विचारता त्याच्या शेजारी बसला. उन्हं कलायच्या आत, आतून एक नवाच, बारीक आणि भलताच रागीट आवाज आला. मीरासाहेब ऐकत राहिला. इतकं सरळ, न अडखळता सुरू झालेलं इंजिन त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"मुलगी आहे," दुर्गाबाई दारात येऊन म्हणाल्या. "दोघी ठणठणीत."

आत गेल्यावर ताहेरा दमलेली हसली. "अब्बा, म्हणे फटफटीचं नाक तुमीच दाबलंत?" मीरासाहेबाने दुर्गाबाईंकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

उद्धवरावांनी फटफटी विकली नाही. खेडचं गिऱ्हाईक दुपारभर चिंचेखाली बसून परत गेलं, आणि तेव्हापासून गावातल्या फटफटीला टिळा पुढच्या चाकावरच्या, चिखल अडवणाऱ्या पत्र्यावर लागू लागला. मीरासाहेबाने कपाळ तिथे हलवलं. उस्तादांचा रिवाज मोडला नाही, जागा तेवढी बदलली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी नातीला पहिल्यांदा मांडीवर घेऊन मीरासाहेबाने दृष्ट लागू नये म्हणून काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि टिळा लावायला हात पुढे केला, तेव्हा दुर्गाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"जरा बघून, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "नाक कुठंय ते आधी विचारून घ्या."