पिकअपची पूजा आणि माझे लाल हात

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. नवी कोरी गाडी हार घालून उभी दिसली, की माझे दोन्ही हात आपोआप खिशात जातात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले काही तपास बरेही केले. पण चार माणसं जमली की मला सांगावंसं वाटतं ते हेच प्रकरण, कारण यात गुन्हेगारापेक्षा फौजदारच जास्त वेळा तोंडघशी पडला. तो फौजदार अर्थात मीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सांगलीत होतो. त्या काळात माल वाहायला नवी पिकअप घ्यायची म्हणजे आधी पैसे भरून नंबर लावायचा आणि मग वाट बघत बसायचं. गाड्या थोड्या, गिऱ्हाइकं फार. गाडीचा भाव बांधून दिलेला असे, दुकानात पाटीवर ठळक लिहिलेला असे आणि त्याच्यावर पैसे घेणं हा गुन्हा होता. तरीही वरचे पैसे दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. पोलीस ठाण्यात मात्र तक्रार एकही नाही. ज्याला गाडी मिळाली तो गप्प, कारण त्यानं पैसे दिलेले. ज्याला मिळाली नव्हती तो गप्प, कारण त्याला अजून मिळायची होती.

एके सकाळी हजेरी उरकून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. समोर एक उंच, ताठ माणूस येऊन उभा राहिला. टोपी, पिळदार मिशा, पायांत पॉलिश केलेले बूट. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, वडूजकडचा.

"सायेब, रिपोर्ट द्याचाय. पन आधी सांगा, तुमी कारवाई करनार का नुसतं लिवून घेनार?"

मी म्हटलं, "बसा आधी."

"बसाय टाइम न्हाई. माजं परमिट मरतंय."

त्याची अडचण अशी होती. माजी सैनिक म्हणून त्याला माल वाहतुकीचं परमिट मंजूर झालं होतं. पेन्शनीतून हाती आलेली रक्कम त्यानं गाडीसाठी भरली होती. पण ठरलेल्या मुदतीत गाडी साताऱ्याला नेऊन पास करून घेतली नाही, तर परमिट रद्द. मुदत संपत आली होती. गाडी विक्रेत्याच्या आवारात आलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. शेठ मात्र 'बघू, बघू' म्हणत होता.

"शेठनं पैसे मागितले?" मी विचारलं.

"तोंडानं न्हाई. माजा हात हातात घेतला, वरनं टावेल टाकला आनि बोटं दाबली."

हळदीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत सांगलीकरांना सांगायला नको. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. गाडी विकणाऱ्यानं तीच रीत उचलली होती. ऐकायला साक्षीदार नाही, लिहायला शब्द नाही.

मी म्हटलं, "मी तुमचा मेव्हणा म्हणून बरोबर येतो. बघतोच कसा मागत नाही."

सुभेदारानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चालंल," तो म्हणाला, पण आवाजात फार भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी धोतर, पटका, खांद्यावर उपरणं असा मी निघालो. आरशात स्वतःला पाहून मी खूश होतो. शेठ गोरापान, मऊ बोलणारा माणूस. त्यानं चहा मागवला आणि सहज विचारलं, "पाव्हणं कुठले?"

"वडूजचेच की," मी म्हणालो.

"यंदा पीकपाणी कसं काय?"

मी पडलो कृष्णाकाठचा. शेत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच पीक येतं. मी ठसक्यात म्हणालो, "ऊस लय झकास हाय."

सुभेदारानं बशीतला चहा तसाच ठेवला. शेठनं माझ्याकडे एकदा प्रेमानं पाहिलं. "वडूजला ऊस. वा. विहिरीला पाणी बरं लागलंय म्हणायचं."

वडूज आहे त्या खटाव तालुक्याच्या कोरडवाहू रानात तेव्हा उसाचं कांडं दिसणं मुश्कील. बाहेर पडल्यावर सुभेदार म्हणाला, "मेव्हणं, बाजरी म्हनला असता तरी चाललं असतं."

एवढं झाल्यावर दुसरा कोणी सावध झाला असता. शेठ झाला नाही. उलट त्यानं निरोप धाडला, परवा गाडी ताब्यात देतो, पूजेला मेव्हण्यांनाही घेऊन या. मी मनात म्हटलं, बेटा फसला. आपल्याला ओळखूनही समोरचा माणूस घाबरत नसेल, तर त्याच्या पद्धतीवर त्याचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

लाचलुचपत खात्यातल्या एका मित्राकडून मी पावडर आणली. ही पांढरी पावडर नोटांना लावायची. नोटा ज्याच्या हातात जातील त्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली, की पाणी लाल होतं. नोटांचे नंबर पंचनाम्यात टिपले, दोन पंच पाहुणे म्हणून बरोबर घेतले आणि सुभेदाराला खूण सांगितली, "शेठनं पैसे घेतले की डोक्यावरची टोपी काढायची. मी लगेच पुढे होतो."

दुकानामागच्या आवारात पिकअप उभी होती. झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली लिंबं. भटजीबुवा मंत्र म्हणत होते. शेठनं सगळ्यांना पुढे बोलावलं. "या पाव्हणं, तुमीबी हळद-कुंकू लावा. घरची गाडी हाय." मी लावली. पंचांनी लावली. माझं लक्ष शेठच्या हातांवर होतं. हळदीनं पिवळे झालेले ते हात जोडलेले होते.

आरती सुरू झाली. लहानपणापासूनची सवय, माझे डोळे मिटले. तेवढ्यात भटजींचा आवाज कानावर आला, "अहो सुभेदार, टोपी घाला डोक्यावर. देवापुढं उघड्या डोक्यानं उभं राहतात होय?"

मी डोळे उघडले तेव्हा सुभेदार ओशाळून टोपी घालत होता. मला वाटलं, फौजी माणूस आहे, साहेबापुढे टोपी काढायची सवय असेल. खूण मीच ठरवली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आरतीचं ताट माझ्यापुढे आलं. मी निरांजनावरून हात फिरवला आणि वर एक रुपयाही टाकला. भटजी ताट घेऊन आतल्या देवघरात गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

सुभेदार माझ्या कानाशी लागला. "सायेब, पैसे गेले."

"कुठं?"

"ताटात. शेठनं हनुवटीनं दावलं, खणाखाली ठेवा म्हनून. तुमी रुपया टाकला त्याच्याच खाली हुते."

मग मात्र मी उडी घेतली. ओळखपत्र दाखवलं, दारं बंद करायला सांगितली, सोड्याचं पाणी मागवलं. शेठनं निमूटपणे बोटं पाण्यात बुडवली. पाणी लालभडक. मी पंचांना म्हटलं, "नीट बघून घ्या."

शेठ म्हणाला, "आता भटजींचे बघा की."

लाल.

"आता पंचांचे."

लाल. पंच एकमेकांकडे बघायला लागले.

"आता तुमचे, मेव्हणं."

मी बोटं बुडवली. सगळ्यांत लाल पाणी माझं झालं. शेठ अगदी हळू आवाजात म्हणाला, "हळदीला सोडा लागला की लाल होतं, साहेब. सांगलीत नोकरी करता ना?"

जिथं पोत्यांनी हळद उतरते त्या गावात मी हळदीच्या हातांवर सोडा ओतत होतो. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण झडती पुरी करणं भाग होतं. शेठचे खिसे पाहिले, गल्ला पाहिला, टेबलं पाहिली. काही नाही. देवघरात एक लाकडी दानपेटी होती, वर रुंद फट आणि झाकणाला कुलूप. ताट शेजारी रिकामं पडलेलं.

"ही कुणाची?"

"देवाची," शेठ म्हणाला. "दक्षिणा आहे. धर्मकार्याला जाते. फोडायची तर फोडा, पण बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. पोलिसांनी देवाची पेटी फोडली म्हणून गावभर होईल."

हे त्यानं बरोबर हेरलं होतं. फोडली आणि आत नोटा मिळाल्या, तरी 'गिऱ्हाइकानं श्रद्धेनं दान दिलं' एवढं एक वाक्य त्याला कोर्टात पुरलं असतं. इकडे सुभेदार खांबाला टेकून उभा होता. पैसे गेलेले, गुन्हा शाबीत होत नव्हता, गाडी अजून शेठच्या आवारात, आणि परमिटची मुदत संपत चाललेली. टोपी हातात घेऊन तो गाडीकडे बघत होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी भटजींना बाजूच्या खोलीत घेतलं. चौकशी म्हटलं की लोकांना आवाज चढवलेला दिसतो. माझा अनुभव असा, की समोरच्याचं कुठं दुखतंय ते विचारावं, बाकीचं तो आपण होऊन सांगतो.

"बुवा, एका पूजेचं काय मिळतं?"

"सव्वा रुपया आणि नारळाची एक वाटी."

"दुसरी वाटी?"

"शेठच्या घरी जाते. खणसुद्धा जातो." ते जवळ सरकले. "आणि आपल्याच हातानं ताट त्या पेटीत उपडं करायचं. मी विचारलं एकदा, शेठ, दक्षिणा तर ब्राह्मणाची असते. तर म्हणे, बुवा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

मी उठलोच. बुवांना घेऊन बाहेर आलो, पंचांना जवळ बोलावलं आणि शेठला अदबीनं विचारलं, "शेठ, पेटीतली रक्कम दक्षिणा आहे, हे नक्की?"

"नक्की."

"आजच्या पूजेची?"

"आजच्याच पूजेची. सुभेदारांनी राजीखुशीनं ठेवलीय."

"पंच, ऐकलंत? मग माझी काही तक्रार नाही. पूजा बुवांनी सांगितली. दक्षिणा बुवांची. शेठ, पेटी उघडा आणि त्यांची त्यांना देऊन टाका. आम्ही चाललो."

भटजीबुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि शेठपुढे उभे राहिले. चेहरा असा प्रसन्न, की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"बुवा, मागं व्हा," शेठ म्हणाला.

"का बरं? दक्षिणा आहे ना?"

"अहो, एवढी दक्षिणा असते होय कुठं?"

"यजमानाची श्रद्धा. तुम्ही कोण मोजणारे?"

"श्रद्धा कसली डोंबलाची? गाडीचे पैसे आहेत ते."

बोलून गेल्यावर शेठच्या लक्षात आलं. तोवर त्याचा हात कमरेकडे गेलेला होता. देवाच्या पेटीची किल्ली त्याच्या करदोट्याला होती आणि ती त्यानं मुठीत घट्ट धरली होती, भटजीबुवा झडप घालतील या भीतीनं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण किल्ली कुणाच्या कमरेला होती ते पंचांनी पाहिलं होतं. त्याच किल्लीनं त्यालाच पेटी उघडायला लावली. सुभेदाराच्या नोटा नंबरासकट वरच होत्या. खाली इतर गिऱ्हाइकांच्या पूजा होत्या. त्यांच्यापैकी काहीजण पुढच्या आठवड्यात आपण होऊन जबाब द्यायला आले.

इथं थांबलो असतो तर नाव राहिलं असतं. पण यश डोक्यात गेलेलं. पंचनामा लिहिताना नोटा लिहिल्या, पेटी लिहिली, किल्ली लिहिली आणि त्याच झोकात 'एक नवी पिकअप गाडी, हारासह' हेही लिहून सही ठोकली. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आली.

सुभेदार तिच्यामागून चालत आला. "सायेब, शेठकडनं सोडवली आनि तुमी आत घातली?"

"कोर्टाचा हुकूम आणतो. दोन दिवसांत."

"परमिट परवाच मरतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टाच्या पायरीवर होतो. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पंचनामा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फौजदार, नोटा समजल्या. गाडीनं काय गुन्हा केलाय?"

मी म्हटलं, "साहेब, माझ्या हातून घाईत झालं."

त्यांनी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, गाडी सुभेदाराच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. वाटेत कोणी अडवू नये म्हणून हुकूम घेऊन मी स्वतः गाडीत बसलो. साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात इन्स्पेक्टर घरी जायला उठत होता. सुभेदार दारात अटेन्शनमध्ये उभा राहिला तो हललाच नाही, तेव्हा इन्स्पेक्टर बिचारा परत खुर्चीत बसला. गाडी पास झाली. परमिट वाचलं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते पुढे नोकरीभर उपयोगी पडलं. चोर माल लपवायला अवघड जागा शोधतो, असं आम्हाला शिकवलं होतं. ते खरं नाही. हुशार चोर आपण जिथं डोळे मिटून हात जोडतो तिथं, सगळ्यांच्या देखत माल ठेवतो. त्यानंतर मी आरतीला उभा राहिलो, की एक डोळा उघडा ठेवतो. घरचे त्यावरून बोलतात. आणि दुसरं, तपास यशस्वी झाला की पेन खाली ठेवावं.

शेठला शिक्षा झाली. पाटीवरच्या भावात गाड्या मिळू लागल्या, निदान माझी बदली होईपर्यंत तरी. खटला बरेच दिवस चालला. साताऱ्याहून परतताना मी सुभेदाराला विचारलं होतं, "साक्षीला याल ना? लांबचं गाव आहे."

"कवाबी बोलवा. हजर ऱ्हाईन," तो म्हणाला. "पन गाडी न्हाई आनायचा. यष्टीनं येईन."

आणि त्याची पिकअप रोज कांदा घेऊन सांगलीच्या बाजारात येत असताना, प्रत्येक तारखेला तो वडूजहून एसटीनंच आला.