खालच्या दोन खोल्या

गोदामावशी गेल्याची बातमी तिचा भाचा प्रभाकर घेऊन आला. तो काटोलचा. आत न येता फाटकाशीच उभा राहून म्हणाला, "काका, मावशी गेली. झोपेतच गेली, त्रास नाही झाला." तेरवीला मी गांधीबागेमागच्या त्या जुन्या गल्लीत गेलो. पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ भातावर वरण घेत सहज बोलले, "बाई चांगली होती, पण भाडेकरूंचं अन् तिचं कधी पटलं नाही. एकाले तं घरातून काढाले निघाली होती म्हणते." त्यांनी मला ओळखलं नव्हतं. तो भाडेकरू मीच. मी खाली मान घालून जेवत राहिलो... पंगतीत बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली नागपूरला झाली. सरकारी कचेरीत कारकून, नवीन लग्न. मावशीचे यजमान कापडाच्या बाजारात दलाल होते. ते गेले तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं, मागे राहिलं एवढं दुमजली घर. खालच्या दोन खोल्या आणि वरची एक ती भाड्याने देई आणि स्वतः वरच्या मागल्या खोलीत, कवेलूंखाली, म्हणजे कौलांच्या छपराखाली राही. उन्हाळ्यात तिथे दुपारी उभं राहवत नसे. मी एकदा विचारलं की थंड खोल्या आम्हाला देऊन तुम्ही वर का राहता? म्हणाली, "खालच्याले भाडं येते, देवराव. वरच्याले घाम येते."

खोली देण्याआधी ती आमचं तेव्हाचं बिऱ्हाड पाहायला आली होती. हळदीकुंकवाचं निमित्त केलं, चहा घेतला आणि हात धुवायला म्हणून थेट मोरीत गेली. पुढे सुशीलेशी, माझ्या पत्नीशी, गट्टी जमल्यावर तिनेच कबूल केलं. "माणूस बैठकीत खोटं वागू शकते वं. मोरी खोटं नाही बोलत." मी पुढे स्वतःचं घर बांधलं, दोन खोल्या भाड्याने दिल्या, आणि ओळखीपाळखीचे लोक भाडेकरू ठेवण्याआधी मला विचारायला येऊ लागले. त्यांना मी जे सांगत आलो, ते सगळं तिचं आहे. पावसाळ्याआधी कवेलू फेरून घ्यायचे, गळकं घर देऊन तोंड वर करून भाडं मागायचं नाही. पावती त्याच दिवशी द्यायची. एका बिऱ्हाडाची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालायची नाही. घर आपलं असलं तरी दारात उभं राहून हाक द्यायची. आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. चार पैसे जास्त मिळतील म्हणून खोली बंद ठेवू नये, बंद खोलीला वाळवी लागते. लोक म्हणत, देवरावांचा अनुभव दांडगा. मी कधी त्यांना थांबवलं नाही.

सत्तरचं दशक उजाडल्यावर मावशीचे गुडघे गेले. जिना लाकडी, उभा. ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरू लागली. मग उतरणंच कमी केलं. भाजीवाली आली की खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची आणि वरूनच भाव करायचा. भाजीवाली खालून ओरडे, "मावशी, वांगे पाहाले तरी खाली या." ही वरून, "तू पाह्य ना माह्या डोळ्यानं." गल्लीला गंमत वाटे. मलाही वाटे.

एका सकाळी ती उतरून आली आणि दारात उभी राहून तिने हाक दिली. आत आली, बसली, गुडघे चोळले.

"देवराव, तुम्ही वर जाता का? मी खाली येऊन जातो. भाडं कमी करून टाकतो. कवेलूच्या जागी पत्रे टाकून देतो, खाली लाकडाचं छत मारू. तुम्ही जवान आहा, तुमाले जिन्याचं काही नाही."

मी म्हणालो, विचार करतो. सुशीला लगेच तयार होती. मी मात्र वकिलाकडे गेलो. त्या काळी नागपुरात जागा रिकामी झाली की सरकारदरबारी कळवावं लागे, आणि ती जागा कोण्या दुसऱ्याच सरकारी नोकराच्या नावाने लागू शके. खालची खोली सोडली की आपला हक्क संपला आणि वरची आपल्याला मिळेलच असं नाही, असं कचेरीतला प्रत्येक जण सांगत असे. वकीलसाहेब पान लावता लावता म्हणाले, "साहेब, ये अदलाबदली का चक्कर मत पालो. आज बाई वर धाडन, उद्या बाहेर. एक नोटीस देऊन टाकू." मी हो म्हटलं. मावशीशी एका शब्दाने बोललो नाही.

नोटीस इंग्रजीत होती, आणि मावशीची इंग्रजी पत्रं तोवर मीच वाचून देत असे. घरपट्टीचा कागद असो की विम्याचा, ती माझ्याकडेच आणी. मला हे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. दोन दिवसांनी ती जिना उतरून आली, दारातून हाक दिली, आणि लिफाफा माझ्या हातात ठेवला.

"वाच गा जरा. कोण्या वकिलाचं दिसून राहिलं."

मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. घरमालकीण बेकायदा मार्गाने भाडेकरूला हुसकावू पाहते आहे, इथवर आलो तेव्हा तिने हात वर केला.

"मी तुले काढून राहिली, असं लिहिलं आहे का?"

"हो."

"मी काढून राहिली का तुले?"

मी कागदाची घडी घालू लागलो. सुशीलेने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं.

"बरं," मावशी म्हणाली. "काहून घाबरला रे एवढा? मले सांगितलं असतं तं मीच म्हटलं असतं, राहू दे अदलाबदल." आणि भिंत धरून उठली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. दिवाळीआधी आमच्या खोल्यांना दरवर्षीसारखा चुना लागला. पावसाआधी कवेलू फेरले गेले. पण गल्लीत नोटिशीची बातमी फुटली होती. समोरच्या शिंप्याने विचारलं, "म्हातारी काढून राहिली म्हणते तुमाले?" मी नुसतं "चालायचंच" म्हणालो. तेवढं पुरलं. वरच्या खोलीतलं बिऱ्हाड बदली होऊन गेलं, तेव्हा चौकशीला येणाऱ्यांना गल्लीच सांगू लागली, बाई कटकटीची आहे, भाडेकरू टिकू देत नाही. जिने मला बंद खोलीची वाळवी शिकवली, तिचीच खोली त्यानंतर फार काळ कुलपात राहिली. त्या भाड्यावर तिचा महिना चाले. ती सुपारी कातरून दुकानांना देऊ लागली.

सत्तरचं दशक सरता सरता माझं घर झालं आणि आम्ही निघालो. किल्ली द्यायला मी वर गेलो. ती म्हणाली, "नळाची तोटी नवी टाकली होती तुम्ही, तिचे पैसे घेऊन जा." मी घेतले नाहीत. माफीही मागितली नाही. नंतरच्या वर्षांत सणावाराला सुशीला जाऊन येई. मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षातच बसे.

तेरवीची पंगत उठल्यावर प्रभाकरने मला त्या दोन खोल्यांत नेलं. आम्ही गेल्यावर मावशी तिथे राहायला आली होती, हे मला माहीत होतं, पाहिलं नव्हतं. खाट दाराजवळ लावलेली. आमची बैठक होती तिथे सुपारीचं पोतं. शिंपी आता म्हातारा झाला आहे, तो दारात येऊन म्हणाला, "खाली आल्यापासून बाई दिवसभर इथंच बसे. येणाऱ्याजाणाऱ्याले थांबवून बोले. वर होती तोपर्यंत आम्हाले वाटे, माणूसघाणीच आहे."

मी त्याला तिथेच सांगितलं. मला कोणी काढत नव्हतं, तिने फक्त अदलाबदल मागितली होती आणि मी दिली नाही.  तो म्हणाला, "हे तवाच बोलाले पाहिजे होतं साहेब." आणि दुकानात निघून गेला.

प्रभाकर या खोल्या आता भाड्याने देणार आहे. दाराबाहेर एकच दगडी पायरी आहे. तिच्या बाजूला मावशीने भिंतीत लोखंडी दांडी बसवून घेतली होती, उतरताना धरायला. "ही काढून टाकतो काका," प्रभाकर म्हणाला. "भाडेकरूची सायकल अडेल." मी दांडी धरून पायरी उतरून पाहिली. जिथे हात पडतो तिथला रंग पार गेला होता, लोखंड गुळगुळीत झालं होतं. मी त्याला म्हणालो, राहू दे, सायकल दुसरीकडे लावता येते.