चामडं बाहेर ठेवून घेतलेली झडती

आमच्या पलटणीच्या लाइनी, म्हणजे शिपायांच्या राहत्या चाळी, ठाण्याला होत्या. काबूलची मोहीम सुरू झाली तेव्हा दोन कंपन्या बायकापोरांसकट कल्याणला पाठवल्या आणि तिथेही लाइनी घातल्या; त्यांतली एक कंपनी माझी. मी तेव्हा हवालदार होतो. काम साधं होतं. रेल्वेने धान्य, तंबू, खेचरांची खोगिरं येत, ती उतरवून पुढे जाईपर्यंत त्यांवर पहारा ठेवायचा. साडेपाचला बिगुल, सहाला परेड, आठला गार्ड बदली. उन्हाळा होता आणि खाडीकडून वारा आला तर आला, नाहीतर दिवसभर अंगाची काहिली.

लोक मला लढाईचं विचारतात. लढाईत मला काहीच समजलं नाही. धूळ होती, आणि धुळीत माणसं होती. मी सांगतो ती गोष्ट लढाईच्या आधीची आहे, कल्याणातल्या एका घराच्या झडतीची. तीही मला नीट समजली आहे असं मी म्हणणार नाही.

कॅप्टनसाहेबांना राहायला आणि कचेरीला एका भाताच्या व्यापाऱ्याचं घर भाड्याने घेतलं होतं. तो आणि त्याचा भाऊ यांचं भांडण होऊन वाटणी झाली होती, आणि घराच्या मधोमध भिंत घातली होती. थोरला भाऊ मुंबईला गेला, त्याचा अर्धा भाग आम्हाला मिळाला. पलीकडे धाकट्याचा संसार. भाड्याला देताना त्यांनी एकच अट घातली होती. मागच्या अंगणात विहीर होती, त्या अंगणात चामडं आणायचं नाही. बूट, पट्टा, काडतुसांचं तोसदान, काही नाही. साहेब भला माणूस होता. त्याने कबूल केलं आणि तसा हुकूम काढला.

साहेबाला तोफेच्या आवाजाने एका कानाला कमी ऐकू येत असे. त्यामुळे तो मोठ्याने बोले आणि समोरच्यालाही मोठ्याने बोलायला लावी. मागच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी त्याचं टेबल होतं, कारण तिथे गारवा होता. तो हिंदुस्थानीत हुकूम सांगे, आमचे सुभेदार तो मराठीत म्हणून दाखवत, साहेब मान हलवी, मग हुकूम लागू. खोलीत तिसरा माणूस एकच असे, साहेबाचा ऑर्डर्ली नाईक सखाराम. तो माझ्या गावचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. वर्षभर आधी त्याला नाइकाची फीत मिळाली तेव्हा सगळ्या कंपनीला गूळ वाटला होता त्याने.

एका सोमवारी सकाळी दहा वाजता त्या खोलीत पहिल्या ड्राफ्टची, म्हणजे लढाईवर जाणाऱ्या पहिल्या तुकडीची, यादी ठरली. मंगळवारच्या परेडला ती वाचायची होती. पण सोमवारी संध्याकाळीच लाइनीतल्या बायका रडायला लागल्या. कुणाचा नवरा जाणार, कुणाचा राहणार, एकेक नाव बरोबर. मंगळवारी सहाच्या परेडला दोन जवान हजर नव्हते. रातोरात पळाले होते.

त्याआधीही दोनदा त्या खोलीतली बातमी अशी फुटली होती, पण तेव्हा कुणी पळालं नव्हतं. आता ठाण्याहून कर्नलसाहेबांची चिठ्ठी आली. शनिवारच्या परेडपर्यंत बातमी फोडणारा पाहिजे. सुभेदारांवर कुणी बोट ठेवणार नव्हतं. उरला सखाराम. त्याचं नाव यादीतून काढलं, फीत काढून घेतली आणि त्याला क्वार्टर-गार्डात, पहाऱ्याच्या कोठडीत, बसवलं. शनिवारपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर सगळ्या पलटणीसमोर बटणं तोडून त्याचं नाव कापायचं, असं ठरलं. पेन्शन नाही, चांगल्या चालीचा दाखला नाही.

साहेबाच्या मनात मात्र शंका होती. बोटीवर कप्तान वरून बोलतो आणि खाली इंजिनवाल्याला ऐकू येतं अशी पितळी नळी असते, ती त्याने पाहिली होती. त्याने मला बोलावलं.

"हवालदार, तुझा बाप गवंडी होता?"

"जी साहेब."

"या भिंतींत नळी असेल. पोकळ जागा, भोक, काही असेल. शोध. चार माणसं घे. फुल किटमध्ये. ही झडती आहे, घरकाम नाही."

"जी साहेब."

मंगळवारी दुपारपासून आम्ही लागलो. मी बुक्कीने आणि बंदुकीच्या गजाने भिंत ठोकत गेलो. भरीव भिंत एक आवाज देते, पोकळ दुसरा. बापाने शिकवलेलं तेवढं माझ्या कानात होतं. देव्हाऱ्याच्या कोनाड्यामागे आवाज बदलला. प्लॅस्टर काढलं तर आत तीन रिकामी मडकी चिणलेली. मला वाटलं, सापडली नळी. मडक्यांच्या मागे दगड, दगडाच्या मागे दगड. कुणी कशासाठी ठेवली असतील ते आजवर कळलं नाही. बुधवारी जमिनीलगत एक भोक सापडलं. त्यात काठी घातली तर घुशीने तिच्या टोकाला चावा घेतला.

मग धूर केला. खोली बंद करून ऊद जाळला आणि चार माणसं चार बाजूंना उभी केली. धूर कौलांतून गेला, खिडकीतून गेला, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, भिंतीतून काही गेला नाही. मग मी आत बसून ड्रिलचे हुकूम मोठ्याने म्हटले आणि माणसांना रस्त्यावर, माजघरात, पलीकडच्या भावाच्या ओसरीवर कान देऊन उभं केलं. ओसरीवरच्याला नुसती गुणगुण ऐकू आली. रस्त्यावरच्याला काहीच नाही. म्हणजे बाहेर ऐकू येत नव्हतं. आणि सखाराम बोलला नव्हता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. दोन्ही खरं असेल तर बातमी गेली कुठून? माझं डोकं चालेनासं झालं. बुधवारी मी जेवलो नाही, आणि गुरुवारी मला एक क्षण असंही वाटलं की सखारामनेच सांगितलं असेल. त्याची मला अजून लाज वाटते.

मागच्या अंगणात आम्ही गेलो नाही. गेलोच नाही, असं आज लिहिताना हसू येतं. पण झडती फुल किटमध्ये, म्हणजे बूट-पट्ट्यासकट, घ्यायची हा हुकूम होता, आणि अंगणात चामडं न्यायचं नाही हाही हुकूम होता. दोन्ही साहेबाचे. त्या दोन हुकुमांच्या मध्ये ते अंगण तीन दिवस तसंच राहिलं आणि आम्हा पाच जणांपैकी एकालाही त्यात चूक दिसली नाही.

गुरुवारी संध्याकाळी सखारामची बायको येसू मला भेटायला आली. लाइनीबाहेरच्या चिंचेखाली उभी राहिली. पदर डोक्यावर, आवाज अगदी हळू.

"भावोजी, काय सापडलं का?"

"नाही अजून. उद्याचा दिवस आहे."

"नाय सापडलं तर नाय."

मला वाटलं धीर सुटलाय हिचा. म्हटलं, "अगं, असं नको बोलू. त्याची बटणं तोडतील सगळ्यांसमोर. नाव कापतील."

"कापू देत. गावाला घर हाय, चार वाफे हायत. भात लावू."

"लोक काय म्हणतील? तुला काही लाज?"

तिने पदर पुढे ओढला. आणि ती निघून गेली. मला तिचा रागच आला. तिथून मी थेट क्वार्टर-गार्डला गेलो. सखाराम जमिनीवर बसला होता, फीत उसवलेल्या जागी बाहीवर दोरे लोंबत होते.

"हवालदारा, तू शोध," तो म्हणाला. एरवी तो मला विठू म्हणायचा. "माझा बाप याच पलटणीत होता. तोंड काळं करून मी गावची वेस ओलांडणार नाही. खाडीत जीव देईन."

"शोधतो."

"येसू आली होती?"

"आली होती."

"काय म्हणाली?"

"काळजी करते," मी म्हटलं. एवढंच सांगितलं.

शुक्रवारी सकाळभर उरलेलं प्लॅस्टर काढलं. बाराला सुट्टी झाली. चुन्याने माझे हात भाजून निघाले होते. किट उतरवलं, बूट उंबऱ्यावर ठेवले, धोतर खोचून अनवाणी विहिरीवर हात धुवायला गेलो. पोहरा सोडायला वाकलो तोच माझ्या कानाशी बाई बोलली.

"आज काय उकरतंय का रं दादा हा शिपाय? भिंती पारतंय वाटते."

मी दचकून मागे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. मग खाली पाहिलं. भावांनी घर वाटलं, अंगण वाटलं, पण विहीर काही वाटता आली नव्हती. तोंडावर सागाचे आडवे वासे टाकून त्यांवर भिंत चढवली होती. वर भिंत होती, खाली पाणी एकच होतं. त्या पाण्यात पलीकडचा पोहरा तरंगत होता. मी गवंड्याचा मुलगा, तीन दिवस भिंती ठोकत बसलो होतो.

मी आत जाऊन सुभेदारांना सांगितलं. साहेबाला बोलावलं. पलीकडच्या घरमालकाची परवानगी घेऊन मी अनवाणी त्यांच्या अंगणात उभा राहिलो आणि सुभेदारांनी नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात सोमवारची यादी वाचली. खिडकीतून आवाज अंगणात आला, विहिरीत उतरला आणि माझ्यापाशी वर आला. "हवालदार विठोजी." "नाईक सखाराम." एकेक अक्षर. आडाने तो आवाज उलट मोठाच केला होता.

पलीकडे पाणी भरायला कोपर गावची एक आगरी बाई येत असे. सकाळी पाणी भरायची, दुपारी सुके बोंबील घेऊन आमच्या लाइनीत विकायला यायची. तिला साहेबासमोर उभी केली. ती जराही घाबरली नाही.

"मना काय ठावं? इरीतशी नावा येतान, आयकाला येतान. बायकांनी इचारलां, त सांगलां. त्यांचं घोव जातान, त्यांना नको सांगू?"

विहिरीतून नावं ऐकू येतात, बायकांनी आपल्या नवऱ्यांचं विचारलं म्हणून हिने सांगितलं, असं सुभेदारांनी साहेबाला हिंदुस्थानीत समजावलं. साहेबाने तिच्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"म्हणजे ती नळी मीच होतो."

त्याने टेबलावरचा कागद उचलला. सखारामचं नाव कापल्याचा हुकूम होता तो, सहीसकट तयार. माझ्यासमोर चार तुकडे केले. "नाईकला फीत परत द्या. यादीत नाव परत घाला." बाईला घरी जाऊ दिलं. संध्याकाळी टेबल पुढच्या खोलीत नेलं.

मी धावत क्वार्टर-गार्डला गेलो. सखारामने मला मिठी मारली. दोघेही रडलो, सांगायला हरकत नाही. शनिवारच्या परेडला त्याच्या बाहीवर फीत होती. कर्नलसाहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. येसू बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. मी मोठ्या अभिमानाने तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती, तिची नजर त्याच्या फितीवर होती. ही बाई खूश का नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी आम्ही निघालो. रेल्वेने मुंबई, आगबोटीने कराची, पुढे रेल्वे, पुढे पाय. कंदाहारच्या अलीकडे एका कोरड्या नाल्याशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या कंपनीवर हल्ला झाला. डाव्या बाजूची फळी तुटली. हुकूम आला, "दहा कदम पीछे. फायर." आम्ही दहा पावलं मागे आलो. सखाराम आला नाही. तो तिथेच गुडघ्यावर बसून गोळी भरत होता. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं की नाही ते मला सांगता येत नाही. त्याच वेळी धूळ उठली, आणि धूळ खाली बसली तेव्हा तो आडवा होता.

संध्याकाळी रोल-कॉल मीच घेतला. नाव पुकारायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा पुकारायचं, मग पुढचं. शिपाई बाळा मोरे. शिपाई रामा घाग. शिपाई धोंडू सकपाळ, जो बोटीवर सगळ्यांना हसवायचा. लान्सनाईक गणू शेलार. नाईक सखाराम. त्याचं मी तीनदा पुकारलं. सुभेदार म्हणाले, "हवालदार, पुढे."

परत आल्यावर येसूला भेटायला मी ठाण्याच्या लाइनीत गेलो. तिला सगळं सांगितलं. मी पुरा खचून गेलो होतो. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "त्यांचं नाव चांगलं लिवलंय?" मी म्हटलं, पलटणीच्या दप्तरात चांगल्या चालीचा म्हणून लिहिलंय, शौर्याने पडला म्हणून लिहिलंय. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "बरं," आणि मला पाणी आणायला आत गेली.

आता माझी पेन्शन झाली. मी कल्याणातच राहतो. कुणी म्हणतं मी मित्राची अब्रू वाचवली. खरंच आहे, आणि त्याला स्वतःलाही तेच हवं होतं, हेही खरं. पण त्या शुक्रवारी हात धुवायला मी दुसरीकडे कुठे गेलो असतो, तर शनिवारी त्याची बटणं तुटली असती आणि तो जगला असता. खाडीत जीव दिला नसता त्याने. येसूने देऊ दिला नसता. म्हातारा झाला असता, केव्हातरी बाजारात समोरून आला असता, मला राम राम केला असता. पलटणीत नाव कापलेल्या माणसाला मी बहुधा उत्तर दिलं नसतं. पण राम राम करायला तो असता.