माझ्या मापाची टोपी

बायकांच्या टोप्या जो कोणी बनवतो, त्याला मला एकदा उन्हात उभा करायचाय. मैदानावर, स्टंपांच्या मागे, त्याचीच टोपी त्याच्या डोक्यावर घालून. दोन ओव्हर पुरेत. त्यानंतर त्याला काय बोलायचंय ते मी शांतपणे ऐकून घेईन.

मी विकेटकीपर. वय चोपन्न. आमच्या घरामागच्या मैदानावर आम्ही चाळिशीपुढच्या बायका सकाळी टेनिस बॉलनं खेळतो आणि थंडीत आसपासच्या स्पर्धांना जातो. सुरुवातीला लोक हसले. हसू देत, मेले. माझ्या हातून एक कॅच सुटलेला बघायला त्यांना फार वेळ बसावं लागलं असतं.

मागच्या वर्षी उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढायला लागलं आणि बुबुळाकडे सरकलं. ऊन, वारा, खारी हवा, आमच्याकडे खलाशांना आणि मच्छीवाल्यांना हे होतंच. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हे परत वाढू शकतं, चांगल्या काठाची टोपी घालूनच खेळा, नाहीतर खेळणं सोडा. ‘खेळणं सोडा’ हे ते इतकं सहज म्हणाले की मला राग आला. नवरा गेल्यानंतर पाच वर्षं मी सकाळी कशासाठी उठत होते, हे त्यांना कुठून माहीत असणार म्हणा. मी त्यांना म्हटलं, टोपी आणते.

म्हटलं खरं. बाजारात गेले तर दुकानदारानं लेडीज म्हणून पहिली काढली ती गुलाबी, पुढे चमकीचे खडे. दुसरीही गुलाबी. तिसरी व्हायझर, म्हणजे पुढे कपाळावर नुसता काठ आणि वर डोकं उघडं. त्याला विचारलं, बाबा, बायकांच्या भांगात ऊन शिरत नाही असं तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, चालायला जाणाऱ्या मॅडम हेच घेतात. कॅपला मागे भोक होतं, त्यातून घोड्याची शेपटी निघते, माझा अंबाडा निघत नाही. आणि माप? लेडीजला फ्री साइज. पुरुषांच्या टोप्यांना आकडे होते, आमची डोकी मात्र सगळी एका साच्यातली!

मी काही सोडणारी नव्हे. चार नमुने घेऊन दुपारी मांडवीला समुद्रावर गेले, कारण दुकानातल्या पंख्याखाली टोपीची परीक्षा होत नाही. एक तर घातल्याबरोबर उडाली आणि भेळवाल्यानं पकडून आणून दिली. एकीचा काठ वाऱ्यानं उलटा होई. एकीचा काठ सगळीकडून सारखा रुंद, म्हणून उंच कॅच बघायला मान वर केली की मागचा काठ मानेवर आपटायचा आणि टोपी डोळ्यांवर यायची. कीपरनं काय चेंडूचा वास घेऊन कॅच धरायचा? एका नमुन्याच्या काठाची खालची बाजू पांढरी होती. आमचं मैदान जांभ्या दगडाचं, ऊन खालून उलटून डोळ्यात येतं, आणि ती पांढरी बाजू ते आणखी डोळ्यात मारत होती. तिथं बसून मी पक्कं केलं: काठ पुढे रुंद, मागे आखूड, खालून गडद हिरवा, कापड सुती, हनुवटीखाली दोरी आणि दोरीला सरकता मणी.

दुकानदार म्हणाला, अशी मुंबईहून मागवावी लागेल, एकटीसाठी नाही येणार. मग सगळ्यांसाठीच घेऊ म्हटलं. शिंप्याची टेप घेऊन मैदानावर प्रत्येकीचं डोकं मोजलं. बायका खिदळत होत्या. आमची फास्ट बोलर राजिवड्याच्या मुसलमान मोहल्ल्यातली, डोक्याला ओढणी घट्ट बांधून बोलिंग टाकते, तिचं माप ओढणीवरून घेतलं. सगळ्यांत मोठं डोकं माझं निघालं. त्यावरही हसणं झालं आणि मीही हसले.

टोप्यांचे पैसे कुठून आणायचे, तर आमची कॅप्टनच महिला मंडळाची अध्यक्ष. ती म्हणाली, मंडळ दर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणावर खर्च करतंच, कुणाला तरी प्लास्टिकचे डबे देण्यापेक्षा यंदा टोप्या घेऊ. मला कल्पना आवडली. मी समजले, वाणाच्या पैशांतून टोप्या येतील आणि मैदानावर वाटल्या जातील. तिनं मला वेगळं काही सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात वेगळं काही आलं नाही.

सोमवारी सकाळी मैदानावर गेले तर सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. अगदी मी सांगितल्या तशा. काठ पुढे रुंद, खालून हिरवा, मणी सुद्धा सरकत होता. मला इतका आनंद झाला की पहिलं मिनिटभर काही कळलंच नाही. बोलर धावत आली आणि म्हणाली, “मावशी, काल हळदीकुंकवाला आला नाहीत ते? बरं नव्हतं काय?”

मी कॅप्टनकडे बघितलं. ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिची नाडी बांधलेली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. टोपी निवडली कुणी? वाऱ्यात धावली कोण? तुमची डोकी कुणी मोजली? आणि वाटायची वेळ आली तेव्हा आठवलं, ही विधवा, हिला कसं बोलवायचं! बोलरला बोलावलं होतं, कपाळावर कुंकू न लावता फूल दिलं होतं, फोटो काढले होते, मंडळ किती मोकळ्या मनाचं हे सगळ्या ग्रुपवर गेलं होतं. तिला बोलावलं ह्याचा मला आनंदच आहे. पण त्या मोकळ्या मनात मला उभं राहण्यापुरती जागा नव्हती. कॅप्टन मला बाजूला घेऊन पुटपुटत राहिली, माझ्या मनात तसं काही नाही हो काकू, पण सासूबाई असतात, चार बायका असतात, कुणाकुणाला समजावू. म्हटलं, माझी टोपी कुठाय? तर म्हणाली, एक उरली होती, वाण उरवू नये म्हणतात, म्हणून ती प्रमुख पाहुण्यांना दिली.

प्रमुख पाहुणी म्हणजे एका बड्या कंत्राटदाराची बायको. तिनं जन्मात चेंडूला हात लावलेला नाही. संध्याकाळी ती मैदानाला फेऱ्या मारते, मी थांबून राहिले. आली. माझी टोपी तिच्या भुवयांपर्यंत उतरली होती, समोरचं दिसावं म्हणून ती मान मागे टाकून चालत होती. मी सरळ पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की ही टोपी माझ्या डोक्याच्या मापानं केलेली आहे, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मला ती हवी आहे. बाई वाईट नव्हती. ओशाळली. दोरीचा मणी सरकवायला तिनं हात सुद्धा वर नेला. आणि मग थांबली.

“वाण आहे हो ते,” ती म्हणाली. “तुम्हाला कसं देऊ?”

वारा पूर्ण पडला होता, तरी तिनं दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर दाबून धरली. तिला खरंच भीती वाटत होती. माझ्या हातात टोपी दिली की तिच्या नवऱ्याला काहीतरी होणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, “घाबरू नका. माझा नवरा गेला तेव्हा मी कुणाला टोपी दिली नव्हती.” मी घरी आले आणि हात धुतले, का ते मलाही सांगता येणार नाही.

चार दिवसांनी कॅप्टन घरी आली. पिशवीत नवी टोपी. तेच कापड, तोच काठ, माप सुद्धा बरोबर. टोपीत काही म्हणता काही खोट नव्हती. ती म्हणाली, हळदीकुंकवाचं काही नाही, ही अशीच देते, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही. मी म्हटलं, उद्या मैदानावर आण. सगळ्यांसमोर दे, आणि सगळ्यांसमोर सांग की टोप्या हिनं निवडल्या आणि हिलाच आपण बोलावलं नाही, ते चुकलं. एवढंच. ती बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत बसली.

“ते नको हो काकू. उगाच विषय वाढेल.”

मी आत गेले, खुंटीवरचे ग्लोव्ह्ज काढले आणि तिच्या पिशवीत टोपीवर ठेवले. म्हटलं, ज्यांना बोलावलंस त्यांतलीच एक स्टंपांच्या मागे उभी कर. तिला वाटलं मी रागानं बोलतेय, दोन दिवसांनी येईन. रागानंच बोलत होते. गेले नाही.

बोलर मधूनमधून येते. तिनं ती टोपी घालणं सोडलंय, नुसत्या ओढणीवर खेळते. मी तिला सांगितलं, घाल गो, चांगली टोपी आहे, तुझ्या मापाची आहे. ती ऐकत नाही.

सकाळी स्वयंपाकघरात उभी असते तेव्हा मागचं सगळं ऐकू येतं. चेंडू बॅटला लागला की चुकला, ते आवाजावरून कळतं. चुकला तर मग त्याचा ग्लोव्ह्जमध्ये बसल्याचा आवाज यायला हवा. तो येत नाही, पळापळीचा येतो. माझे हात ओट्यावरच एकदम पुढे होतात.

डोळा बाकी छान आहे. पांढरा स्वच्छ. मांस काही परत वाढलेलं नाही. उन्हात जातेच कुठे मी आता.