हवा मोजणारी डबी

त्या गाडीला कार्ब्युरेटरच नव्हता. इथूनच माझी वाट लागायला सुरुवात झाली.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये माझं गॅरेज होतं. गल्लीत यायच्या त्या फियाट, नाहीतर अँबॅसॅडर, आणि त्यांचं काय दुखतंय ते मला बॉनेट उघडायच्या आधीच कळायचं. फुशारकी मारत नाही, खरंच कळायचं. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्ब्युरेटर नुसत्या कानानं लावणारा माणूस म्हणून साकीनाक्यापासून लोक यायचे.

एका रविवारी सकाळी माझी धाकटी बहीण आणि भावोजी दारात गाडी घेऊन हजर. भावोजी आठ वर्षं कुवेतला नोकरी करून कायमचे परत आले होते आणि येताना बोटीनं एक जपानी गाडी घेऊन आले होते. तिकडची गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डाव्या हाताला. मी सवयीनं उजवीकडच्या खिडकीशी जाऊन वाकलो तर तिथे भावोजी हात जोडून बसलेले. गाडी चालवत होती माझी बहीण!

आमच्या घरात तोवर कुणाचीच गाडी नव्हती. वडील गिरणीत होते, मी गाड्या चालवायचो त्या लोकांच्या. आणि ही पोरगी गेले दोन महिने दर रविवारी आरेच्या रस्त्यावर नवऱ्याकडून गाडी शिकत होती. लायसन्सची टेस्ट बारा दिवसांवर आली होती. तिच्या सासूबाईंना हे बिलकूल पसंत नव्हतं. घाटकोपरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये येता-जाता त्या ऐकवायच्या, "धडकली कुठं तर निस्तरायचं कुणी?" टेस्ट पास झाले की त्यांचं तोंड आपोआप बंद होईल, असं बहिणीनं मनाशी पक्कं धरलं होतं.

पण गेल्या रविवारपासून गाडी गचके खायला लागली होती. ॲक्सिलरेटर जरा दाबला की एक हिसका, दुसरा हिसका आणि बंद. पहिला हिसका बसला तेव्हा स्टिअरिंगवर बहीणच होती. मग घरात काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको.

मी बॉनेट उघडलं आणि कार्ब्युरेटर शोधत बसलो. भावोजींनी गाडीचं इंग्रजी पुस्तक काढून चित्रावर बोट ठेवलं. एअर फिल्टरच्या पुढं ॲल्युमिनियमची एक डबी होती, मुठीएवढी, आत एक झडप. इंजिनात किती हवा चाललीय ते ती डबी मोजते, आणि त्या हिशोबानं पेट्रोल सोडलं जातं. मला हसूच आलं. म्हटलं, हवा मोजायला काय डबी लागते? इंजिन चालू ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं डबीवर टकटक केलं. प्रत्येक टकटकीला इंजिन अडखळत होतं. बिघाड तिथेच होता. एवढं मी बरोबर ओळखलं होतं, ते आजही सांगतो.

भावोजी म्हणाले, "नवीनच आणू या का? माझा एक मित्र येणार आहे कुवेतहून. पण दोन-अडीच महिने लागतील."

"दोन महिने? आणि माझी टेस्ट?" बहिणीचा चेहरा पडला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तू करशील ना रे?"

"ठेवून जा. उद्या संध्याकाळी ने." किती झोकात बोललो मी! तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी डबी खोलली. वरचं काळं झाकण डिंकासारख्या कशानंतरी चिकटवलेलं होतं, ते ब्लेडनं कापून काढलं. आत एक काळी पट्टी आणि झडप हलली की तिच्यावरून फिरणारी केसासारखी बारीक सुई. सुई जिथे जास्त वेळ थांबायची तिथे पट्टी फिकट पडली होती. ते बघितलं आणि मला हायसं वाटलं. अरे, हे तर आपलं ओळखीचं दुखणं! फियाट आली की पहिलं काम डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतले ठिणगीचे पॉइंट घासायचे, शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचे. वीस वर्षं तेच केलेलं. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मेस्त्रीनं तेच केलं असतं. पॉलिश पेपर दुमडला आणि लागलो घासायला. कागद काळा होत चालला तसा मी खूश. म्हटलं, बघ किती मळ साचला होता.

तो मळ नव्हता. ते काळं म्हणजेच ती पट्टी होती, हवेचा हिशोब ठेवणारी. खालची पांढरी चिनी माती चकचकायला लागली तेव्हा माझा हात थांबला.

तरी झाकण चिकटवून डबी बसवली. देवाचं नाव घेऊन स्टार्टर मारला. गाडी खोकली, काळा धूर ओकला आणि गप्प. दहा वेळा मारला, वीस वेळा मारला. आधी निदान गचके खात का होईना चालत तरी होती! परत डबी खोलली आणि, सांगायलाही लाज वाटते, त्या पांढऱ्या जागेवर शिसपेन्सिल घासली. काळ्याच्या जागी काळं. काही झालं नाही. डोकं चालेना. मी तिथेच चाकाला टेकून बसून राहिलो.

संध्याकाळी तिघं रिक्षातून उतरली. अंधेरीला कुणाकडे तरी गेली होती म्हणून सासूबाईही बरोबर. बहीण सगळ्यात पुढे. माझा चेहरा बघितला आणि ती जागच्या जागी थांबली.

मी म्हटलं, "ती डबी आतून गेलीय. नवीनच लागेल."

"काल तर चालत होती," भावोजी म्हणाले.

"चालत होती, हिच्या हातात देईपर्यंत," सासूबाई म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. घेतलंन् बाईनं नुकसान करून."

"आई, जाऊ दे ना," भावोजी म्हणाले, पण मग हळूच माझ्याकडे बघून, "क्लच फार झटक्यात सोडायची हो ती. मी सांगायचो तिला."

क्लचचा आणि त्या डबीचा काडीचा संबंध नव्हता. हे आम्हा चौघांत फक्त मला माहीत होतं.

बहिणीनं मला सरळ विचारलं, "दादा, माझ्यामुळं झालं का रे?"

एक शब्द बोलायचा होता. नाही. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुणामुळं? साकीनाक्यापासून लोक ज्याच्याकडे येतात त्या मेस्त्रीनं पॉलिश पेपरनं गाडी मारली, हे सासूबाईंच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी हात पुसत म्हटलं, "तसं नक्की सांगता येत नाही गं."

तिनं मान खाली घातली. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आलेला नाही, जितका त्या क्षणी स्वतःचा आला. आणि तरी मी वळून हत्यारं गोळा करायला लागलो.

गाडी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकून उभी राहिली. टेस्टची तारीख निघून गेली. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी एकदा घाटकोपरला गेलोही. सासूबाई शेजारणीला रंगवून सांगत होत्या, सून गाडी शिकायला गेली आणि गाडी कशी बसली ते. बहीण आतून पोहे घेऊन आली. मी पोहे खाल्ले आणि घरी आलो. वर, कुणी उघडून बघू नये म्हणून ती घासलेली डबी मी काढून भंगारवाल्याला देऊन टाकली.

अडीच महिन्यांनी भावोजींचा मित्र आला. टॉवेलात गुंडाळलेली नवी डबी घेऊन बहीण आणि भावोजी गॅरेजमध्ये आले. चार नट, दोन क्लिपा, वायरचा एक प्लग. पंधरा मिनिटांचं काम. किल्ली फिरवली आणि इंजिन असं लागलं की आवाजसुद्धा येईना. भावोजींनी मला मिठीच मारली. "मानलं बुवा तुम्हाला!" म्हणाले आणि नळावर हात धुवायला गेले.

मी किल्ली बहिणीपुढे धरली. "घे. गल्लीच्या टोकापर्यंत चालव."

"नको रे दादा. परत माझ्या हातून काही झालं तर?"

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं. पट्टी, पॉलिश पेपर, पेन्सिल, भंगारवाला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग त्या दिवशी का नाही बोललास?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "आत्ता सांगतो. भावोजींना सांगतो, तुझ्या सासूबाईंना सांगतो."

"आता कोण ऐकणार आहे?" ती म्हणाली, आणि उजवीकडचं दार उघडून, ती गाडी चालवायला लागायच्या आधी जिथे बसायची तिथे जाऊन बसली.

भावोजी हात पुसत आले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, की चूक माझी होती, तिची नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले.

"असू दे हो," म्हणाले, "बहिणीसाठी भाऊ एवढं बोलणारच."