आबांचा तुरा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयपूरजवळच्या चाकसूच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेत होते. आबा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडचे, सैन्यात सुभेदार; शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली आणि प्रताप नगरात घर करून राहिले. महिना होऊन गेला, पण त्यांची आठवण आली की डोळे भरतात आणि हसूही येतं... कारण वीस वर्षं मी त्यांच्याशी वाद घातले आणि त्यातला सगळ्यात मोठा मी जिंकले.

इथल्या मराठी मंडळींच्या लग्नात, गणपतीत फेटे बांधायचे ते आबांनीच. फेट्यावर पंख्यासारखा उभा राहणारा तुरा त्यांच्याइतका कुणाला साधत नसे. मला ते शिकायचं होतं. बायकांच्या हाताला तेवढा ताण नसतो, म्हणून ते उडवून लावत. मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी अट घातली : तुरा हा शब्द आला कुठून ते शोधून आण, मग शिकवतो. त्यांच्या मते तो आपल्या मातीतलाच. उसाला तुरा येतो, कोंबड्याला तुरा असतो, शाहिरांत तुरेवाले असतात, दोघांची जुंपली तरी कलगीतुरा रंगतो. एवढे अर्थ परक्या शब्दाला चिकटतील कसे, असं ते मलाच विचारायचे.

जुन्या बाजारात साफ्याचं, म्हणजे इथल्या फेट्याचं, कापड विकणारे एक चाचा होते, फारसी शिकलेले. ते म्हणाले, तुर्रा म्हणजे कपाळावर रुळणारी केसांची बट. पुढे पगडीवरच्या झुपक्यालाही तेच नाव पडलं. शब्दकोशातही तेच निघालं. आबांनी ते पान दोनदा वाचलं, आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे देवानं माझं जे काढून घेतलं, तेच मी जन्मभर लोकांच्या डोक्यावर खोचत आलो की गं!" हसता हसता त्यांना ठसका लागला.

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली. पहिल्यांदा मी इथल्या साफ्यासारखं टोक पाठीवर सोडून दिलं, तर सगळं उलगडायला लावलं. कापडाला खळ कमी पडली की तुरा मान टाकतो, हेही शिकले. गेल्या गणपतीत त्यांचे हात थरथरायला लागले. भर मंडपात त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यापुढे बसले आणि एवढंच म्हणाले, "सूनबाई, बांध." मी बांधलेला तुरा विसर्जनापर्यंत ताठ उभा होता, आणि आबाही.

बाराव्याला इथल्या रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाला पगडी बांधतात. शेजारचे भैया बांधणाऱ्याला बोलवायला निघाले, तर माझा नवरा म्हणाला, बांधणारी घरात आहे. आबांचाच फेटा मी त्याच्या डोक्यावर चढवला. सगळे बघत होते. तुरा खोचायच्या आधी हात आपसूक माझ्याच डोक्यावरून एकदा फिरला... अगदी आबांचा फिरायचा तसा.