रोशनच्या मॅचसाठी अनसिंगहून शिरपूरपर्यंत

उशीर झाला, माफ करा. संक्रांतीनंतर केलेला प्रवास मी होळी होऊन गेल्यावर लिहितो आहे. दोघा-तिघांनी मागच्या लेखाखाली विचारलं होतं, "आबा, बरे आहात ना?" त्यांनाही मी उत्तर दिलं नाही. तब्येत बरी आहे. फोन घेऊन लिहायला बसायचो, दोन ओळी व्हायच्या आणि मी त्या पुसून टाकायचो. आज पुसायच्या नाहीत असं ठरवून बसलो आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी अनसिंगजवळच्या एका वस्तीवर राहतो. शिक्षण सातवी, तीही धड नाही. पंचाहत्तरी ओलांडली आणि एसटी फुकट झाली, तेव्हापासून जवळपास हिंडतो आणि इथं लिहितो. हा ब्लॉग माझ्या नातवाने, रोशनने, मागच्या उन्हाळ्यात फोनवर काढून दिला. "आबा, तू तसाही दिवसभर सांगतच राह्यतं. लोकायले सांग," म्हणाला. माझ्या प्रत्येक लेखाखाली पहिला अंगठा त्याचाच असायचा.

रोशन पंधरा वर्षांचा आहे. त्याचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात आणि चैत्रात परत येतात, म्हणून तो आमच्या दोघा म्हाताऱ्यांजवळ वाढला. सोयाबीन निघालेल्या वावरात अनवाणी फुटबॉल खेळायचा. शाळेतल्या गुरुजींनी त्याला वाशिमच्या निवडचाचणीला नेलं आणि नागपूरच्या एका क्लबने आपल्या अकादमीत घेतलं. राहणं, जेवण, शाळा सगळं तिकडेच. दोन वर्षांत तो लहानांच्या टीममधून मधल्या टीममध्ये गेला. घराण्यात पहिल्यांदाच कोणाचे पाय ऊस तोडायला सोडून दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडत होते.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला.

"आबा, आमची टीम वाशिमले येऊन राह्यली. जिल्ह्याच्या टीमसंग मॅच हाय. सर म्हने, हे मॅच पायून वरच्या टीमचं ठरवतो. तू येशीन ना?"

"येतो ना बाप्पा. पन माह्यं काय काम तिथं?"

"काम काई नाई. बस, दिसत राय."

मी दोन दिवस आधीपासून पिशवी भरायला लागलो. आमची म्हातारी म्हणाली, "वाशिमले चालले का काशीले?" पण मला आधीपासून धास्ती लागते. गाडी आली नाही तर? आली आणि थांबली नाही तर? माझ्यासारख्यांना एकच सांगणं, आधार कार्ड मूळचं ठेवा. झेरॉक्सवर वाहक कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो आणि दर थोड्या वेळाने चाचपतो.

अनसिंगहून वाशिमला पुसदकडून येणाऱ्या गाड्या मिळतात. सकाळची धरा, दुपारच्या गाडीत शाळेची पोरं असतात आणि उभं राहावं लागतं. रस्ता आता चांगला आहे. त्या दिवसांत दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आलेला होता, तुरीच्या काड्या बांधावर रचलेल्या. वाशिमच्या स्टँडबाहेर आलुबोंडा आणि चहा घेतला. बोंडा गरम असेल तरच घ्या. बालाजीच्या देवळात जाऊन आलो. देवाला काय मागितलं ते सांगत नाही. मागितलं त्याच्या उलट झालं.

मॅच दुपारी क्रीडा संकुलावर होती. आत जायला तिकीट नाही, बसायला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. घरून पोतं किंवा चादर न्या, सिमेंट तापतं. रोशन पिवळ्या बनियनमध्ये होता. दोन वर्षांत केवढा उंच झाला! मी त्याच्याकडे फार पाहिलं नाही. आपल्या माणसाची नजर सगळ्यात आधी लागते, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी समोरच्या झाडाकडे पाहत होतो.

शेजारी एक जाडा माणूस भुईमुगाच्या शेंगा खात बसला होता. तो म्हणाला, "ओ बुढेबा, मॅच इकडं हाय! झाडावर काय पायता?"

"माह्यी नजर लागते."

"अन् आमी एवढे लोक का डोये झाकून बसलो काय?"

सगळे हसले. तेवढ्यात आरडाओरडा झाला आणि मी पाहिलंच. बॉल रोशनच्या पायाला वासरासारखा लागून चालला होता. एकाला डावीकडे टाकलं, दुसऱ्याला तिथंच उभं ठेवलं आणि गोलच्या कोपऱ्यात मारला. जाड्या उठून उभा राहिला, मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "अरे, कोनाचं पोट्टं हाय बे हे?" मी त्याच्या सांडलेल्या शेंगा गोळा करून देऊ लागलो. पण छातीत जे झालं ते तसं पुन्हा होणार नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मॅच संपल्यावर रोशन पायऱ्या चढून माझ्याकडे आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो तिरपा चढतो आहे, उजवा पाय जपून. मी आयुष्यभर बैल घेतले-विकले. जनावर चालत आलं की माझं लक्ष आधी पायाकडे जातं.

"दुखते का रे?"

"नाई आबा. थकलो."

त्याचे सर आले. चाळिशीचा माणूस, नम्र. माझ्या पाया पडले! म्हणाले, "आजोबा, नातू तुमचा सोनं आहे. सही-शिक्का व्हायचाय, पण माझ्याकडून पक्कं समजा. वरच्या टीममध्ये घेतोय." रोशन खाली बघत होता, कान लाल झालेले. मग सर म्हणाले, "उद्या परतीच्या वाटेवर मुलांना शिरपूरचं जैन मंदिर दाखवायचंय. तुम्ही या भागातले, चला आमच्या गाडीतून."

मी रात्री वाशिमलाच बहिणीकडे राहिलो. मुलांच्या एवढ्या मोठ्या गाडीत आपण कुठे बसणार, गाडी लागली तर काय करायचं, याच विचारात होतो. सकाळी सरांनी मला पुढे आपल्या शेजारी बसवलं. मागे पोरं गाणी म्हणत होती. रोशनचा मित्र बंटी ओरडला, "आबा, याले सांगा ना, पास देत जाय! एकटाच पयते!" रोशनने त्याला टपली मारली. दिवाळीला घरी आला होता तेव्हाही तो इतका मोकळा हसताना मी पाहिला नव्हता.

वाशिमहून मालेगाव लांब नाही. मालेगावात नाश्त्याला थांबा. तिथून शिरपूरला बस मिळते, मोटारसायकलवाला ओळखीचा असेल तर तोही नेतो. आम्ही गाडी हॉटेलजवळ लावली. पोरं पोह्यांवर पडली. सर आणि मी चहा घेऊन बाहेर उभे होतो. रस्त्याने एक माणूस बैलजोडी घेऊन चालला होता आणि मी सरांना बाजाराच्या गोष्टी सांगायला लागलो.

आमच्याकडे चांगल्या माणसाची एक रीत होती. बैल विकताना दावं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि देताना त्याची खोड सांगायची. हा मारतो, हा चिखलात बसतो, याचा मागचा खूर दुखरा आहे. जो खोड लपवतो त्याच्या दारी पुन्हा कोणी येत नाही. सांगितल्यावरही घेणारा घेतो, फक्त जपून वापरतो. आणि कोणी नाही घेतला, तर बैल घरी परत येतो. परत आलेल्या बैलाच्या पायावर माझी आई तांब्याभर पाणी घालायची, नव्या बैलाच्या पायावर घालतात तसंच.

सर मन लावून ऐकत होते. आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. मी नातू या माणसाच्या हाती देतो आहे, दावंच देतो आहे. मी म्हणालो, "सर, एक इनंती. याचा उजवा गुडघा जपा. दिवाळीले टॅक्टरच्या टालीवरून पडला व्हता. गुडघा लय सुजला. आमच्याकडं हाड बसवनारा हाय, त्यानं वढून बसवला, तेल लावलं. आता बरा हाय. पन वरच्या टीमचे पोट्टे मोठे असतीन, लाथ लागली तर..."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दिवाळीत? मला हे माहीत नाही, आजोबा."

"तुमाले सांगतो म्हनला व्हता थो."

"नाही सांगितलं."

त्यांनी रोशनला हाक मारली. तिथंच हॉटेलसमोर त्याला बाकावर बसवलं, गुडघा वाकवला, सरळ केला, पोटरी धरून पुढे ओढून पाहिली. रोशनने दात आवळले. त्याने एकदाच वर माझ्याकडे पाहिलं. बंटी हातात पोह्यांची प्लेट घेऊन उभा होता, त्याचंही खाणं थांबलं. सर हळू आवाजात म्हणाले, "नागपूरला गेल्यावर फोटो काढू. तोपर्यंत खेळायचं नाही."

शिरपूरपर्यंत गाडीत कोणी गाणं म्हटलं नाही.

शिरपूरचं मंदिर जुनं आहे. जा, जरूर जा. दूरदूरचे यात्रेकरू येतात, बाहेर नारळ-फुलांची दुकानं आहेत, सकाळी गर्दी कमी असते. आत मी काय पाहिलं ते मला आठवत नाही. म्हणून त्याचं वर्णन मी करणार नाही, खोटं होईल. पोरं आत गेली. रोशन गाडीच्या पायरीवर बसून राहिला. मी त्याच्याजवळ गेलो.

"काहून सांगतलं, आबा?"

"मले वाटलं, तू सांगतलं असशीन."

"सांगतलं असतं तर थे मले खेयू देल्ले असते का? म्या पट्टी बांधून बांधून तीन महिने काढले. आता थोडंच राह्यलं व्हतं."

"अरे, पन पाय गेला असता तर? म्या कायजीनं सांगतलं. देताना सांगा लागते, बाप्पा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागही नव्हता त्याच्या डोळ्यांत, ते जास्त वाईट होतं. म्हणाला, "मी बैल हाओ का, आबा?"

मी त्याच्या गुडघ्याकडे हात नेला, त्याने पाय बाजूला घेतला. गाडी निघाली तेव्हा सर्वांनी हात हलवले, सरांनीही. रोशन पलीकडच्या खिडकीला बसला होता.

परतीला शिरपूरहून वाशिम, वाशिमहून अनसिंग. मधे वाशिमला बराच वेळ गाडी नव्हती. आधार कार्ड खिशात आहे का, हे मी एकदाही पाहिलं नाही. घरी पोचल्यावर म्हातारीला सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "तुमाले कोनं इचारलं व्हतं? जलमभर तुमचं हेच. दुसऱ्याच्या मनात खोटं नोको म्हनून आपल्या घरात आग लावता." मग ती भाकर जळली आणि तिने ती तशीच माझ्या ताटात टाकली.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. गुडघ्याच्या आतली दोरी तुटलेली आहे, ऑपरेशनशिवाय खेळता येणार नाही आणि त्यानंतरही वर्ष जाईल. वरच्या टीममधली जागा दुसऱ्या मुलाला गेली. अकादमीत ठेवता येणार नाही, असं वरच्या लोकांनी ठरवलं. सर म्हणाले, "आजोबा, तुम्ही सांगितलं ते बरं केलं. आणखी दोन मॅच खेळला असता तर कायमचा लंगडा झाला असता." गावातले लोकही मला हेच सांगतात. मी मान हलवतो.

पण रोशन घरी आला नाही. नागपूरहून तो सरळ आई-बापाकडे, उसाच्या फडावर गेला. सुनेला फोन केला तर ती म्हणते, दिवसभर मोळ्या बांधते, पायाले फडकं गुंडाळून. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढावं लागतं. मी ते काम तरुणपणी केलं आहे, त्यात गुडघ्याचं काय होतं ते मला माहीत आहे. मग मी काय वाचवलं? पाय जपला जावा म्हणून तोंड उघडलं आणि आता तोच पाय फडात झिजतो आहे. खेळत राहिला असता तर निदान खेळून गेला असता. ऑपरेशनची चौकशी मी वाशिमला जाऊन करून आलो, सरकारी योजनेत होईल म्हणतात. पण ज्याचा गुडघा आहे तो यायला हवा. मुलगा म्हणतो, "मी म्हनून पायलं, आबा. थो आयकत नाई."

तो माझा फोन उचलत नाही. मी रोज करतो, मग म्हातारीच्या फोनवरून करतो. तोही उचलत नाही.

या प्रवासातून काय राहिलं, असं मी दर लेखाच्या शेवटी लिहितो. पुस्तकात वाचलं होतं की तसं लिहावं. या वेळी काय राहिलं ते वर लिहून झालं. रस्ता चांगला आहे, नाश्ता मालेगावला करा, शिरपूरला सकाळी जा. आपल्या माणसाबरोबर गेलात तर त्याच्याकडे नीट पाहून घ्या. मी नजर लागेल म्हणून झाडाकडे पाहत बसलो.

रोशन, हा ब्लॉग तूच काढून दिलास, म्हणून तू हे वाचशील अशी आशा आहे. गुडघ्याचं मी काही बोलणार नाही. खोड सांगितलेला बैलसुद्धा आमच्या दारी परत यायचा. तू बैल नाहीस, हे मला तिथंच म्हणायला पाहिजे होतं. आजी रोज सांजच्याला दारात तांब्या भरून ठेवते, सकाळी ते पाणी तुळशीला घालते आणि पुन्हा भरते. विचारलं तर सांगत नाही. बोलायचं नसेल तर इथं खाली पहिल्यासारखा नुसता अंगठा टाक, मी समजून घेईन. यायचं असेल तर कोणती गाडी ते कळव, मी स्टँडवर आधीपासून येऊन बसतो. तुझं इथं काम काई नाई, बाप्पा. बस, दिसत राय. लवकर कळव.